लंगोट निवडावा तो वाळत घालायच्या दोरीकडे बघून

आमच्या घरात कपडे धुणं आणि वाळत घालणं माझ्याकडे आहे. त्यात लंगोट वापरणारी मुलं दोन: दोन वर्षांचा थोरला आणि अजून मान धरायला शिकणारी धाकटी. ओळखीत कुणाकडे बाळ येणार असलं की मला हमखास फोन येतो, कापडी नॅपी कुठली घेऊ? मी आधी उलट विचारतो. कपडे कुठे वाळत घालता? तिथे ऊन येतं का, वारा लागतो का, की खोलीतच स्टँडवर वाळवता? जाडसर सुती टॉवेल तुमच्याकडे किती वेळात वाळतो? एवढं कळलं की अर्धी निवड झालेली असते. वरची चित्रं, बटणांचे रंग हे सगळं नंतर बघता येतं. जी नॅपी वेळेवर वाळत नाही ती कितीही चांगली असली तरी गरजेच्या वेळी बाळाच्या अंगावर नसते.

प्रकार खूप दिसतात, पण मुळात कामं दोनच. एक थर ओल धरून ठेवतो आणि दुसरा ती बाहेर येऊ देत नाही. साधा लंगोट म्हणजे नुसतं चौकोनी कापड. घडी आपण घालायची आणि वरून कव्हर चढवायचं. प्रीफोल्डमध्ये मधला भाग जास्त थरांचा शिवलेला असतो, म्हणून घडी सोपी होते. पॉकेट नॅपीला आत खिसा असतो, त्यात शोषणारं इन्सर्ट सरकवायचं. ऑल-इन-वनमध्ये सगळे थर एकत्रच शिवलेले, डिस्पोजेबल डायपरसारखी घातली की झालं. कव्हर बहुधा पीयूएलचं असतं, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा बसवलेला.

आता हेच सगळं दोरीवर टांगून बघा. चौकोनी कापड उलगडलं की एकेरी होतं. वारा असेल तर दुपारच्या आत ते खडखडीत वाळतं, आणि खोलीतल्या स्टँडवरही फार रेंगाळत नाही. पॉकेट नॅपीतलं इन्सर्ट वेगळं काढता येतं, त्यामुळे कव्हर लगेच आणि इन्सर्ट थोडं उशिरा, असं निभावतं. ऑल-इन-वन मात्र बाहेरून कोरडी वाटते आणि मधल्या शिवणीत बोट दाबलं की गार ओल लागते. दमट हवेत तिला पूर्ण दिवस पुरत नाही. घालायला ती सगळ्यांत सोपी, हे मी मनापासून मान्य करतो. बाळाला सांभाळणारं माणूस नवखं असेल तर तिच्यासारखी सोय नाही. पण ज्यांच्याकडे ऊन-वारा नाही त्यांनी सगळा साठा ऑल-इन-वनचा घेऊ नये, असं मी ठामपणे सांगतो.

दुसरा मुद्दा वयाचा. नवजात बाळ आणि चालतं-धावतं मूल यांना लागणारी नॅपी वेगळी असते. "जन्मापासून पॉटीपर्यंत एकच" अशी विक्री होते, त्यात तथ्य थोडं आहे, पण सुरुवातीचे आठवडे त्यात येत नाहीत. वन-साइज नॅपीला पुढे उंची कमीजास्त करायला टिचबटणांच्या ओळी असतात. सगळी बटणं लावून सर्वांत लहान केली तरी तीन किलोच्या बाळाच्या मांड्यांभोवती बहुतेक वेळा फट राहते, आणि फट राहिली की गळणार. नाळेचा तुकडा गळून पडायला साधारण १ ते ३ आठवडे जातात. तोवर नॅपीची कड त्याच्या खाली राहायला हवी, तिथे हवा लागायला हवी. चौकोनी कापडाची घडी पुढून हवी तेवढी खाली दुमडता येते. तयार नॅपीत हे तिच्या शिवणीवर अवलंबून असतं.

नवजात बाळ एका वेळी काही चमचेच शू करतं, पण सतत करतं. दिवसाला १० ते १२ वेळा बदलणं यात नवल नाही. म्हणजे लागतात ती पुष्कळ, पातळ, झटपट वाळणारी कापडं. शोषणाची क्षमता इथे बिनमहत्त्वाची आहे. रोज धुणार असाल तर दोन डझन, एक दिवसाआड धुणार असाल तर तीन डझन, आणि चार-पाच लहान मापाची कव्हरं. मऊ सुती कापडाचे साधारण ७० सेंटिमीटरचे चौकोन कापून कडा शिवून घेतल्या तरी उत्तम चालतं. सेफ्टी पिनेऐवजी तीन टोकांना दाते असलेली रबरी पकड मिळते, ती कापडात रुतते आणि बाळाला टोचण्याची भीती नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी-हिरवी शी डांबरासारखी चिकट असते. त्या दिवसांत आत एखादं पातळ फडकं टाकावं, म्हणजे लंगोट वाचतो.

कापडी लंगोटाचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. बाळाला दूध पुरतंय का, ही पहिल्या आठवड्यातली मोठी काळजी. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान ६ लंगोट नीट ओले व्हावेत, असं सांगितलं जातं. डिस्पोजेबलमधली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी ओल अशी गिळते की हाताला कोरडंच लागतं. कापड काही लपवत नाही. बायको रात्री विचारायची, "पुरतंय ना हिला?" आणि मी बादलीकडे बघून खात्रीनं "हो" म्हणायचो. त्या आठवड्यात आम्हा दोघांना त्या "हो"ची फार गरज होती.

थोरल्याचं गणित बरोबर उलटं. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात शंभर मिलीच्या आसपास मावतं, आणि खेळण्यात रमलेलं मूल ते एकदम सोडतं. इथे नॅपी कमी लागतात पण दमदार लागतात. मायक्रोफायबर, म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, वेगानं ओढतं, पण दाब पडला की ओल सोडून देतं. मूल कार सीटमध्ये किंवा कडेवर बसलं की मांडीजवळ ओलं होतं ते याचमुळे. शिवाय मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचं नसतं, ते त्वचेचा ओलावाही ओढून घेतं. सुती कापड मध्यम वेगाचं आणि भरवशाचं. बांबू म्हणून जे मिळतं ते खरं तर बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस. ते सुतीपेक्षा थोडं जास्त धरतं आणि मऊ असतं. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, सावकाश ओढतं, पण त्याच जाडीत सर्वांत जास्त धरतं. म्हणून रात्रीसाठी वर सुती आणि खाली हेम्प असा जोड लावावा. वरचा थर पटकन ओढतो, खालचा मुरवतो. हेम्प वाळायला वेळ खातं, पण रात्रीला एकच लागतं, त्यामुळे दोरीवर भार येत नाही. मुलगा असेल तर जाड घडी पुढच्या बाजूला घ्यावी.

बंदाचंही तसंच. धाकटीला वेल्क्रो सोयीचं, कारण पोट दुधानं भरलं की कंबर बदलते आणि वेल्क्रो हवं तिथे चिकटवता येतं. थोरल्याला वेल्क्रोचा आवाज आवडतो, तो स्वतःच सोडून मोकळा होतो. त्याला टिचबटणंच हवीत. आणखी एक, माप बघताना कमरेपेक्षा मांडीकडे बघा. इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसायला हवं, मांडीवर उतरलेलं नको. कंबरेत दोन बोटं सहज जावीत. मांडीवर लाल वळ उठून तो बराच वेळ राहत असेल तर एक बटण सैल करा.

पायांमध्ये कापडाची जाडी येते, त्यानं पाय फाकतात, अशी शंका घरातली मोठी माणसं काढतात. माझ्या आईनंही काढली होती. तान्ह्या बाळाच्या खुब्यांसाठी गुडघे वाकलेले आणि मांड्या बाजूला पसरलेल्या, ही स्थिती चांगलीच असते. घातक आहे ते पाय सरळ ताणून एकत्र घट्ट गुंडाळणं. डॉक्टरांकडून हे ऐकल्यावर आईची शंका मिटली.

पुरळाबद्दल थोडं सविस्तर, कारण कापडाला दोष इथेच दिला जातो. शू आणि शी एकत्र राहिली की जिवाणू युरियापासून अमोनिया करतात. त्यानं त्वचेवरचं आम्ल कमी होतं, आणि मग शीमधली पाचक द्रव्यं जास्त जोमानं त्वचा खातात. म्हणजे शत्रू वेळ आहे. कापडी नॅपी दिवसा दोन-तीन तासांनी बदलावीच, आणि शी झाली असेल तर त्या क्षणी. झिंक ऑक्साइडची मलमं लावायची असतील तर आत वेगळं पातळ अस्तर घाला, नाहीतर मलम कापडात बसतं आणि कापड पाणी ओढेनासं होतं. पुरळ लालभडक असेल, कडेला बारीक पुटकुळ्या असतील, जांघेच्या घडीतही शिरलं असेल, तर ती बुरशी असू शकते. तेव्हा घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावं.

आता धुणं. नवीन सुती आणि हेम्प कापडात नैसर्गिक तेलं असतात, म्हणून वापरण्याआधी ती चार-पाचदा धुऊन वाळवावीत. पहिल्याच दिवशी कापड शोषत नाही म्हणून नाराज होऊ नका. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती तशीच मशीनमध्ये गेली तरी चालते. वरचं अन्न सुरू झालं की मात्र शी आधी संडासात झटकायची. वापरलेले लंगोट झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेवावेत, पाण्यात भिजत घालू नयेत. भिजवून इलॅस्टिक आणि कव्हर लवकर खराब होतं हे एक. पण खरं कारण दुसरं आहे. घरात चालतं मूल असताना पाण्यानं भरलेली बादली जमिनीवर असूच नये. लहान मूल वितभर पाण्यातही बुडू शकतं. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कुणी विचारो न विचारो.

आधी गार पाण्यात एक छोटी धुलाई, मग भरपूर पाण्यात, पुरेशा साबणानं मोठी. शीचे लंगोट असतील तर ६० अंशांवर. "बाळाचे कपडे, साबण कमी टाका" या सल्ल्यानं लंगोट नीट निघत नाहीत आणि वास धरतात. साबण पुरेसा घाला आणि नीट विसळा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यांवर थर धरतो आणि शोषण मारतो. पाणी जड असेल तर धुण्याचा सोडा बरोबर टाकावा. सकाळी नॅपी उघडताच डोळ्यांत झोंबणारा वास आला तर धुलाई कुठेतरी अपुरी पडतेय असं समजावं.

डाग उरले तर लंगोट ओलाच उन्हात घाला. तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बिलिरुबिन या रंगद्रव्याचा, आणि बिलिरुबिन उजेडानं मोडतं. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. धाकटीला ते दिवे लागले होते, तेव्हा हे मला कळलं. दोरीवर लंगोटाचा डाग फिका पडताना बघून मला अजूनही समाधान वाटतं. कव्हरं मात्र सावलीत वाळवावीत, आणि जड नॅपी इलॅस्टिकला चिमटा लावून लोंबत ठेवू नये. आडवी टाकावी.

पर्यावरणासाठी कापडी घेणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की फायदा आपोआप मिळत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये एका मुलाच्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा डिस्पोजेबलचं कार्बन उत्सर्जन सुमारे ५५० किलो आणि कापडीचं सरासरी ५७० किलो निघालं. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, कपडे दोरीवर वाळवले आणि त्याच नॅपी दुसऱ्या मुलाला वापरल्या, तर कापडीचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी उतरत होता. २०२३ मध्ये तिथल्याच सरकारी अभ्यासात कापडी नॅपी सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरल्या. प्रत्येक वेळी ड्रायर लावला तर हा फायदा बराचसा विजेत जातो. कचरा कमी होतो हे तर खरंच, आणि तो डोळ्यांना रोज दिसतो. प्रवासात आम्ही डिस्पोजेबल वापरतो आणि त्याचं मनाला काही लावून घेत नाही.

एकदम मोठा संच घेऊ नका. नवजातासाठी चौकोनी कापडं आणि कव्हरं घ्या, बाकी प्रत्येक प्रकारची एकेक आणून आपल्या दोरीवर वाळवून बघा. थोरल्याच्या बऱ्याचशा नॅपी आम्हाला वापरलेल्याच मिळाल्या आणि अजून चांगल्या आहेत. वापरलेली नॅपी घेताना इलॅस्टिक ताणून सोडा. कुरकुर आवाज आला किंवा ते परत आखडलं नाही तर ते गेलेलं आहे, पण शिवणकाम येणारं कुणीही ते बदलून देतं. कव्हर उजेडासमोर धरा. आतला पापुद्रा सुटून फुगे आले असतील तर ते घेऊ नका, त्याला दुरुस्ती नाही. वेल्क्रोत गुंतलेला कापूस-केस सुईनं निघतो. आणि इन्सर्ट नाकाजवळ नेऊन वास घ्या. कोरड्या इन्सर्टला वास येत असेल तर घरी आणून आधी दोन-तीनदा कडक धुलाई करा, मगच बाळाला घाला.