त्यांच्या भागात

२५ मे, रात्र

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय, आणि ते माझंच आहे. सहा वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या हातून मेला आणि आमचं अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर पेटलं. ते जळत होतं तेव्हा आईचा फोन आला. तिने टीव्हीवर आगीचे लोळ पाहिले होते. "तुम्ही सगळे धड आहात ना गं?" मी म्हणाले, "अगं, आमच्याकडे काही नाही. ते त्यांच्या भागात चाललंय."

त्यांच्या भागात! जिथे आगी लागल्या तो लेक स्ट्रीट आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. तिथल्याच, नावात गांधी असलेल्या एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोन-तीनदा जेवलोही होतो. मालक मूळचे बांगलादेशचे. तेही त्या आठवड्यात जळालं. माझी इमारत जळाली तर जळू दे, पण न्याय होऊ दे, असं ते म्हणाल्याचं वाचलं आणि खरं सांगायचं तर मला ते जरा नाटकी वाटलं. मी मनात त्यांच्या विम्याचा विचार करत होते.

आमच्या देशी व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. "स्वतःचीच दुकानं कशाला जाळतात हे लोक?" किती काचा फुटल्या, कुठलं दुकान लुटलं, याची मोजदाद चालू. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा साडेनऊ मिनिटं होता, हे त्या ग्रुपवर कुणी मोजलं नाही. मी आग आधी पाहिली, त्या गुडघ्याचा व्हिडिओ नंतर. तिसऱ्या प्रिसिंक्टची, म्हणजे पोलीस विभागाची, चौकी २८ मेच्या रात्री पेटली आणि दुसऱ्या दिवशी, इतकं काय झालं असेल म्हणून, मी तो व्हिडिओ उघडला. आग लागली नसती तर उघडला असता का? हा प्रश्न मला आवडत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

त्या आगीला मी काय म्हणू, हेही ठरत नाही. दंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन जमाव येतात. उठाव म्हटलं की एक बाजू आपोआप बरोबर ठरते. १८५७ला बंड म्हणायचं की उठाव, यावर आपण इतकी वर्षं भांडलोच की. शब्द निवडतानाच निकाल लागतो, आणि कधी कधी पैशांचाही. १९२१ साली टल्सामध्ये गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती जाळली, पस्तीसेक ब्लॉक राख झाले. नाव पडलं 'दंगल'. पॉलिसीत दंगलीचं नुकसान वगळलेलं, त्यामुळे विमा कंपन्यांनी हात वर केले. आज तिथे हत्याकांड हा शब्द वापरतात. शंभर वर्षं उशिरा.

आणि तरीही मला लॉस एंजेलिस १९९२ विसरता येत नाही. रॉडनी किंग या काळ्या माणसाला बडवणारे पोलीस व्हिडिओ असूनही सुटले, तेव्हा शहर पेटलं, साठाहून जास्त माणसं गेली. पण तो राग त्या एका निकालाचा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी पंधरा वर्षांच्या लटाशा हार्लिन्स या काळ्या मुलीला संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून कोरियन दुकानदार बाईने मागून गोळी घातली होती. बाटलीची किंमत १.७९ डॉलर, मुलीच्या मुठीत दोन डॉलर. दुकानदार बाईला तुरुंगवास झाला नाही. मग दंगलीत कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं लुटली, जाळली गेली. त्यातल्या बहुतेकांचा या गोळीशी काडीचा संबंध नव्हता. स्थलांतरित, दिवसाचे चौदा-चौदा तास गल्ल्यावर बसणारी माणसं. आमच्यासारखीच. इथे माझी सहानुभूती लगेच जागी होते, हेही लिहून ठेवते.

मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले होते, दंगल ही ज्यांचं ऐकलं जात नाही त्यांची भाषा असते. २०२०मध्ये हे वाक्य जिकडेतिकडे दिसत होतं. मी १९६७चं स्टॅनफर्डमधलं पूर्ण भाषण नंतर वाचलं. त्यात ते आधी म्हणतात की दंगलीने समाजाचं नुकसान होतं आणि शेवटी करणाऱ्यांचाच घात होतो. पण केवळ दंगलीचा निषेध करून, ती कशातून उपजते त्याबद्दल गप्प बसणं त्यांना मान्य नव्हतं. ज्याला जो अर्धा हवा तो अर्धा तो उचलतो. मीही उचलला होता, निषेधाचा.

लेक स्ट्रीटवरच्या एका जळालेल्या दुकानाच्या ढिगाऱ्यात जुलैमध्ये एका माणसाचा मृतदेह सापडला. आगीनंतर जवळजवळ दोन महिने तो तिथेच पडून होता. "इमारती काय, पुन्हा बांधता येतात" हे वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

आज संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात आली. यंदा तिला सतरावं पूर्ण झालं. तो व्हिडिओ काढणारी मुलगीही तेव्हा सतरा वर्षांचीच होती. चुलत बहिणीला घेऊन खाऊ आणायला निघालेली. लेकीने फोन माझ्यापुढे धरला. फ्लॉइडबद्दल पोलिसांनी आधी काढलेलं निवेदन होतं ते: संशयिताने प्रतिकार केला, त्याला वैद्यकीय त्रास होताना दिसला, रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. गुडघ्याचा उल्लेख नाही. मी शेगडी बारीक करून दोनदा वाचलं. छान, स्वच्छ भाषा. ऑफिसात मी रोज असलीच भाषा लिहिते.

"व्हिडिओ नसता तर तुला हे पटलं असतं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. फोन घेऊन वर गेली. नंतर आईचा फोन येऊन गेला, नेहमीचाच, गुडघेदुखीचा. तिला ते सहा वर्षांपूर्वीचं बोलणं आठवतही नसेल.