आमची वाटचाल : पोळ्याच्या आधी पोचणारी पुस्तकं

मुलांची चित्रपुस्तकं आणि चित्रकलेचं सामान खेड्यांत पोचवणं, एवढाच आमचा धंदा. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या शाळा, काही गाववाचनालयं आणि आठवडी बाजारातलं एक टेबल. सुरुवात टेबलापासून झाली, आणि पुस्तक चांगलं असलं की आपोआप खपतं हा समज तिथेच मोडला. पावसावरचं देखणं पुस्तक मार्चमध्ये मांडलं तर कोणी उचलूनही पाहत नाही. तेच मृगाचे ढग जमले की हातोहात जातं. तेव्हापासून साठ्याची वही विषयवार नाही, महिनेवार आहे, आणि महिने मराठी आहेत.

मराठी महिन्यांना कारण आहे. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला आला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. ‘ऑगस्टअखेर माल पाठवा’ असं ठरवून ठेवलं तर एखाद्या वर्षी बैल वेशीत जाऊन आल्यावर बैलांची पुस्तकं पोचतात. म्हणून ऑर्डर श्रावण लागायच्या आधी, पाठवणी नागपंचमीपर्यंत.

शाळांचं वर्षही इथे वेगळं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा साधारण पंधरवडा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पुस्तकांची पेटी तेव्हा जाते. एका पेटीत ४० पुस्तकं : २५ चित्रकथा, १० निव्वळ चित्रांची, ५ माहितीची. निव्वळ चित्रांच्या पुस्तकांवर मास्तर आधी नाक मुरडतात, ‘वाचायचं काय त्यात?’ म्हणतात. पण झरी जामणी, मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, लेकरांच्या घरची भाषा कोलामी. तिथे मूल चित्रावर बोट ठेवून आपल्या शब्दांत सांगतं, मग त्याच वस्तूचा मराठी शब्द शेजारी ठेवता येतो. पहिलीच्या वर्गाला याहून सोपी वाट आम्हाला दिसलेली नाही.

लाकडी पेटीला वाळवी लागते म्हणून पत्र्याची घेतली, तर पावसाळ्यात तिला आतून घाम येतो. तळाशी आणि चारी बाजूंना वर्तमानपत्राचा जाड थर, पेटी जमिनीपासून दोन विटा वर, आणि उघाड मिळेल त्या दिवशी झाकण तासभर उघडं. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला. ओलसर पाला घातला की बुरशी त्याच्यापासूनच सुरू होते. मुखपृष्ठं वळतात त्याचं कारणही ओल. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं, आतली उघडी बाजू दमट हवेत फुगते आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वळतो. पुस्तकं गच्च उभी लावली तर वळण कमी येतं. पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग पडतात, म्हणून जास्त फिरणाऱ्या पुस्तकांच्या पिना काढून तिथे दोऱ्याची शिलाई घालतो.

वर्गात पुस्तक दाखवण्याचीही रीत आहे. नेहमीच्या मापाचं पुस्तक तिसऱ्या ओळीपलीकडे दिसत नाही, तेव्हा मुलं अर्धगोलात, फार तर २० एका वेळी. खिडकी वाचणाऱ्याच्या पाठीशी असली तर पान काळवंडतं, मुलांच्या पाठीशी असली तर गुळगुळीत कागद चमकतो. उजेड बाजूने हवा, आणि पान किंचित खाली झुकवलेलं.

सगळ्यात मोठा हंगाम पोळ्याचा, खरं तर दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात त्याचा. लाकडी बैल प्रत्येक घरी नसतो, म्हणून पुस्तकासोबत मातीच्या बैलाचं सामान देऊ लागलो. इथे काळ्या मातीने आमचा चांगला घाम काढला. आपल्या कपाशीच्या वावरातली माती ओली असताना लोण्यासारखी वळते, पण वाळताना इतकी आकसते की दुसऱ्या दिवशी बैलाच्या पाठीला बोटभर भेग. प्रमाण शेवटी असं बसलं : चाळलेली काळी माती ४ वाट्या, बारीक रेती दीड वाटी, रद्दीचा रात्रभर भिजवून कुटलेला लगदा १ वाटी. पाणी थोडं थोडं. मळलेला गोळा ओल्या फडक्यात एक रात्र मुरवायचा.

पाय टिकावेत म्हणून आत तुराटीच्या (तुरीच्या वाळलेल्या झाडाच्या) काड्या घातल्या, तर पायच आधी फुटले. माती आकसते, काडी आकसत नाही. काडीला ओल्या वर्तमानपत्राचे दोन वेढे दिले की मातीला सरकायला जागा मिळते. लहान मुलांसाठी काडी नकोच. आखूड, जाड चार खुंट ठेवले तरी बैल बैलच दिसतो. शिंगांना बाभळीचे काटे फार शोभतात, पण टोचतात, त्यांची टोकं कापून द्यावी लागतात. वाळवण सावलीत, तीन ते पाच दिवस. चुलीजवळ ठेवून घाई केली की वरचा थर आधी सुकतो आणि भेगा परत येतात. रंग गेरू आणि चुन्याचा. पोस्टर कलर पावसाळी हवेत लवकर वाळत नाहीत, बोटांना लागत राहतात.

या सामानाच्या बिलाबद्दल एक सांगून ठेवतो, नव्याने या धंद्यात येणाऱ्याच्या कामी येईल. मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. पण पुस्तक आणि कर लागणाऱ्या वस्तू एकाच किमतीच्या संचात विकल्या तर तो मिश्र पुरवठा धरला जातो आणि त्यातल्या सर्वाधिक दराने सगळ्या संचावर कर बसतो. पुस्तकाची आणि सामानाची किंमत बिलात वेगळी लावा, गिऱ्हाइकाला दोन्ही वेगवेगळं घेता येऊ द्या.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, मुलींचा गाण्यांचा सण. गाणी मुलींना येतातच, आम्ही झाकलेली खिरापत ओळखण्याच्या खेळासाठी चित्रांचे ३२ पत्ते देतो. त्यानंतर दिवाळी आणि कापूस वेचणी, विक्री मंदच. घरची मोठी माणसं वावरात, मोठी मुलंही बरेचदा.

हिवाळ्याची पुस्तकं निवडताना सर्वांत जास्त चिडचिड होते. भाषांतरित पुस्तकांत हिवाळा म्हणजे बर्फ, लोकरी टोपी आणि बर्फाचा माणूस. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे फुटलेली बोंडं, आंबिया बहाराची संत्री, तुरीच्या ओल्या शेंगा आणि सकाळची शेकोटी. बर्फाचं पुस्तक ठेवूच नये असं नाही, मुलांना त्याची मौज वाटते. पण पेटीत ते एकच असावं. कोरड्या हवेमुळे रंगकाम मात्र याच दिवसांत उत्तम होतं. मोठी भित्तिचित्रं, पाणीरंग, सगळं मार्गशीर्ष ते माघ.

फाल्गुनात पळस फुलतो आणि रंग विकत घ्यायची गरज उरत नाही. वाळलेल्या पाकळ्या १०० ग्रॅम, पाणी २ लिटर, रात्रभर भिजवून वीस मिनिटं उकळायचं, गाळून पाव हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकला की केशरी गडद होतो. कागदावर रंगवायचं तर त्यात धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक विरघळवावा, अर्ध्या वाटीला एक चमचा. डिंक नसेल तर रंग कागदात शोषला जाऊन फिका दिसतो, जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो. तीन दिवसांत संपवा, पुढे वास येतो. उन्हात हे चित्र उडतं हे मुलांना आधीच सांगावं, नाही तर हिरमोड होतो. पावसाळ्यात सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग निघतो, तो खेड्यातल्या पोरांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २ एप्रिलचा बालपुस्तक दिन या दोन तारखांना शाळा आपणहून पुस्तकं मागतात.

मे महिना दुरुस्तीचा. पेट्या परत येतात, ४० पैकी पाच-सहा पुस्तकं सुटलेली असतात. पाठीला गरम गोंद लावलेली जाड पुस्तकं इथल्या उन्हाळ्यात दगा देतात. पत्र्याखालच्या खोलीत गोंद मऊ पडतो, पुढे कडक होऊन तडकतो आणि पानं गळतात. त्यामुळे खरेदीतच पिनेची किंवा शिलाईची बांधणी पाहतो. दुरुस्तीला मैद्याची खळ स्वस्त, पण कसर (कागद खाणारी कीड) तिच्यावरच येते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विषारी, आणि लहान मुलं पुस्तक तोंडात घालतात, म्हणून आमच्याकडे बंद. पांढरा गोंद, पाठीला कापडी पट्टी, वर रात्रभर चार विटांचं वजन. मेणाचे खडू मात्र या दिवसांत पेटीत ठेवू नयेत. ते माठाशेजारी, मातीच्या कुंड्यात, झाकण लावून.