सिंगापूरला जाऊन दफनभूमी?

लेकीकडे सिंगापूरला जाऊन आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी क्रांजीचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीचं, नाव घेते, की पुढचा प्रश्न ठरलेला: "अहो, एवढ्या लांब जाऊन दफनभूमी कशाला?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

खरं तर मी निघाले होते पक्षी बघायला. सुंगेई बुलोह हे खारफुटीचं राखीव जंगल बेटाच्या वायव्य किनाऱ्याला आहे, आणि तिथली बस क्रांजी स्टेशनवरून मिळते. जावई म्हणाले, "आई, युद्धस्मारक स्टेशनपासून चालत आहे, ऊन चढायच्या आत करून घ्या." म्हटलं, बरं.

टेकडीच्या उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा. गवत इतकं निगुतीनं राखलेलं, की चपला काढाव्याशा वाटतात. ४,४०० हून जास्त थडगी, त्यांतल्या ८५० हून अधिक दगडांवर नावच नाही. पण माझा पाय अडकला तो वरच्या भिंतींपाशी. ज्यांचा देहच सापडला नाही, अशा २४,००० हून जास्त जणांची नावं तिथे कोरली आहेत, आणि त्यांत इंग्रजांच्या फौजेतले आपले पुष्कळ.

नावांची यादी दिसली की आपली माणसं आधी आडनावं चाळतात. मीही चाळू लागले, आणि इंग्रजी अक्षरांत 'नाईक' दिसलं. अंगावर काटा आला. आमच्या रत्नागिरीकडचा कोणी असेल का? पुढच्या भिंतीवर पुन्हा नाईक. मग हवालदार. मग जमादार, सुभेदार. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की ही आडनावं नव्हेत, हुद्दे आहेत, आणि माणसं त्यांच्या खाली आहेत. डोग्रा, गढवाल, जाट, बलूच, हैदराबाद अशा पलटणींतली. नुसती नावं, ना बापाचं नाव, ना गावाचं. मराठी नाव शोधायचं मी तिथेच सोडलं आणि जी होती ती वाचत बसले. मागच्या बाजूला आणखी एक स्मारक आहे, जवळपास ८०० जणांचं. हे बहुतेक हिंदी फौजेतले. त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांना दहन दिलं होतं.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापुरातल्याच बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात इंग्रज सेनापती पर्सिव्हलनं जपानी सेनापती यामाशिताकडे शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना वेगळं काढून जपान्यांच्या हवाली केलं. आझाद हिंद सेनेची सुरुवात तिथली. ती गोष्ट मी शाळेत शिकले, पुढे शिकवलीही. त्याच पलटणींतले जे त्याआधीच गेले, त्यांच्याबद्दल एक ओळ कधी शिकवली नाही. याची मला जरा लाजच वाटली.

मग ९२५ नंबरची बस पकडून सुंगेई बुलोह. कोकणातल्या बाईनं परदेशात जाऊन चिखल बघायचा, म्हणजे हसण्यासारखंच. (तिकीट नाही, एवढं समाधान.) पण चिखल अगदी ओळखीचा निघाला! खारफुटीच्या मुळांमधून निवटे, ते चिखलातले मासे, टुणटुण उड्या मारत होते. एक भलीमोठी घोरपड पायवाट अडवून पसरलेली. तिला उठायची घाई नव्हती, मलाही नव्हती. मगरींपासून सावध राहा अशी पाटी होती, मगर मात्र दिसली नाही. सप्टेंबर ते मार्च उत्तरेकडचे पक्षी इथे उतरतात. ओहोटी लागली तसे ते चिखलात चोची खुपसत पांगले.

पाण्याकाठच्या बाकावर बसून डबा उघडला. समोर जोहोरची सामुद्रधुनी, पलीकडे मलेशियातल्या उंच इमारती. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैनिक होड्यांतून हीच सामुद्रधुनी ओलांडून इथून थोडं पश्चिमेला उतरले, आणि दुसऱ्या रात्री क्रांजीच्या बाजूला. नकाशात ते अंतर मला केवढं वाटलं होतं! पहिला घास घेते तोच मोबाइल वाजला. मलेशियात आपलं स्वागत आहे, असा मेसेज. मी तर बाकावरून हललेही नव्हते.