फोंड्यातला पळणारा सोफा

आमच्या आजीच्या लेखी गोवा म्हणजे परदेशच. 1961 च्या डिसेंबरपर्यंत तिथं पोर्तुगीजांचं राज्य, जायचं तर परवाना हवा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी बायकोच्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून फोंड्याला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा "नातू परदेशी गेला" असंच तिनं आळीत सांगितलं. तेव्हापासून मीही तिकडच्या माणसांना परदेशच्या गोष्टी लिहून पाठवतो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा झाला, पाऊस झाला, मासे तर तीनदा झाले. आज सोफा.

घर जुनं, कौलारू, चिऱ्याच्या (म्हणजे जांभ्या दगडाच्या) भिंतींचं. मागच्या दोन खोल्यांत लाल कोबा, वर्षानुवर्षं पुसून पुसून तुकतुकीत झालेला. पुढच्या हॉलमध्ये मालकीणकाकींच्या मुलानं (तो खरा परदेशी, कुवेतला असतो) व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून घेतल्या. दिसायला झकास. वाकलात तर भांग पाडता येईल इतकी चकाकी. पण साताऱ्याच्या शहाबादी फरशीवर वाढलेल्या माणसाला अशा जमिनीचा स्वभाव कळायला वेळ लागतो. आमच्याकडे पलंग एकदा ठेवला की ठेवला. त्याच्याखालचं झाडायचं तर दिवाळीची वाट बघायची आणि चार माणसं बोलवायची. फर्निचर आपणहून सरकतं हे मला ठाऊकच नव्हतं.

जुलैत अण्णा आले. वय 76, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. गुडघ्याचा माणूस सोफ्यावरून कसा उठतो ते कधी नीट बघा. आधी पुढं सरकून कडेला येतो, दोन्ही हात सोफ्याच्या हातांवर टेकतो, एक-दोनदा झोका घेतो आणि मग जोर लावून अंग पुढं लोटतो. अंग पुढं, म्हणजे सोफा मागं. अण्णांनी जोर लावला, सोफा वीतभर मागं निसटला आणि अण्णा फरशीवर बसले. लागलं नाही, नशीब. बसल्याबसल्या म्हणाले, "तुझ्या परदेशात फर्निचरसुद्धा पळ काढतं रे."

तुम्ही म्हणाल, एवढंच ना, लावा सोफा भिंतीला. साताऱ्यात मीही तेच केलं असतं. इथं जून ते सप्टेंबर चिऱ्याची भिंत ओल धरते. भिंतीला टेकवलेल्या सोफ्याच्या पाठीवर पंधरा दिवसांत हिरवट-पांढरी बुरशी दिसू लागते आणि वास तर आधीपासूनच. म्हणून इथं कपाटं, पलंग, सगळं भिंतीपासून चार बोटं सोडून उभं. म्हणजे अडवायचं तर पायाशीच.

पहिला उपाय अर्थातच फुकटचा. अंगणात चिरे पडलेले होते, त्यातले दोन आणून मागच्या पायांना टेकवले. दोन दिवस छान. तिसऱ्या दिवशी सोफा चिऱ्यांसकट सरकला. झाडताना लक्षात आलं की चिऱ्याची लाल भुकटी टाइलवर पसरली होती. कॅरमवर पावडर टाकून सोंगटी पळवतो, तसा मी सोफ्याखाली पावडरचा बंदोबस्त केला होता. वर फरशीवर ओरखडा उठला तो वेगळाच. तो काकींना दिसला. काकी आमच्याशी एरवी मराठी बोलतात, रागावल्या की कोकणी. त्या दिवशी कोकणी ऐकली.

दुसरा उपाय विकतचा. हार्डवेअरच्या दुकानात "सोफ्याच्या पायाला लावायचं काहीतरी द्या" म्हटल्यावर मागून डिंक असलेल्या फेल्टच्या चकत्या मिळाल्या. मी इमानदारीत सोफा उलटा करून चारही पायांना चिकटवल्या. आता सोफा बोटानं ढकलला तरी जायला लागला! दुकानदाराची चूक नाही, मीच नीट सांगितलं नव्हतं. फेल्ट असतं ते फर्निचर सहज सरकावं आणि फरशीला चरा पडू नये म्हणून. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना ते हवंच, कारण खुर्ची दिवसातून दहादा मागंपुढं होते. तिला घट्ट धरून ठेवलं तर सगळे वैतागतील. सोफ्याला मात्र रबर हवं. नाव दोघांचं एकच, "पायाच्या चकत्या". काम एकदम उलट.

अकरावीतल्या भाच्याला फोन लावला, तर त्यानं पुस्तकातलं सांगितलं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. अमोंताँ नावाच्या फ्रेंच माणसानं हे 1699 मध्येच मांडून ठेवलंय. लाकूड, लोखंड, कडक प्लास्टिक यांना हा हिशोब साधारण लागू पडतो. रबर त्यात नीट बसत नाही. ते मऊ, फरशीच्या बारीक खाचखळग्यांत दबून बसतं, त्यामुळे त्याचा तुकडा मोठा असला तर पकडही वाढते. भाच्याला म्हटलं, हे परीक्षेत लिहू नकोस, पण सोफ्याला लक्षात ठेव.

मग मी जरा वेडेपणा केला. विमानाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घरात होता. तो सोफ्याच्या पायाला अडकवून आडवा ओढायचा आणि सोफा हलला त्या क्षणी आकडा वाचायचा. मूळचे प्लास्टिकचे बटण होते तेव्हा 11 किलो. फेल्टवर 8. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले तर 25 च्या आसपास, पण आठवड्यानं उचलून बघितलं तर टाइलवर काळे डाग. काळ्या रबराचं हे दुखणं आहे, फिकट फरशीवर ते रंग सोडू शकतं. घासून डाग गेले, तोवर मात्र काकी आल्या की मी सोफ्यासमोर उभा राहायचो.

शेवटी मार्ग दाखवला बाजारातल्या चांभारानं. चपलेचा अंगठा शिवायला गेलो होतो, शेजारी सोलच्या रबराचा पांढरट पत्रा टेकवलेला, अर्ध्या सेंटिमीटरचा, एका बाजूनं बारीक रेघांचा. म्हटलं, याचे चार चौकोन कापून द्याल? "कोणाच्या चपला?" "सोफ्याच्या." हसला, पण मापात कापून दिले आणि चपलांचं सोल्युशनही एका डबीत घालून दिलं. वर सल्ला दिला की पायावर आणि रबरावर, दोन्हीकडं लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. पावसाळी हवेत ते वाळायला माझा अर्धा तास गेला. फेल्टचा तयार डिंक याच हवेत दोन आठवड्यांत सुटला होता, म्हणून मी प्रत्येक चौकोनात मधोमध एक छोटा स्क्रूही मारला, डोकं रबरात पूर्ण बुडेल असा. बुडालं नाही तर फरशीवर पुन्हा ओरखडा, पुन्हा कोकणी.

काटा लावला. 31 किलो.

पण चार दिवसांनी अण्णा म्हणाले, "हलतोय रे थोडा." ओढून बघितलं तर 20. रबर तेच, सोफा तोच. खाली हात फिरवला तर बारीक धूळ आणि फिनाइलचा बुळबुळीत थर, कारण आमच्याकडं फरशी पुसताना फिनाइल जरा सढळ हातानं पडतं. रबर आणि फरशी दोन्ही साबणाच्या पाण्यानं पुसली, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्या फडक्यानं. पुन्हा 30. आता दर रविवारी पाय उचलून पुसणं हे माझं काम. बायको म्हणते, देवपूजा याच्या निम्म्यानंही होत नाही.

मागच्या खोलीतली लोखंडी कॉट सोपी निघाली. तिचे पाय नळीचे. औषधाच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीला लावायचे रबरी बूट मिळतात, आतल्या व्यासाच्या मापानं. आमच्या कॉटला 25 मिलिमीटरचे बसले. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवले आणि मऊ झाल्यावर पिळून चढवले. ओल्या कोब्यावर लोखंडी नळीची गंजाची वर्तुळं उमटायची, तीही थांबली. कपाटाला मात्र काही केलं नाही. उंच, उभ्या कपाटाची भीती सरकण्याची नसते, पुढं कलंडण्याची असते. त्याला वरून भिंतीत पट्टी मारावी लागते आणि जुन्या चिऱ्यात स्क्रू कुठं धरेल हे गवंड्यानं बघायचं. तो म्हणालाय, पाऊस गेल्यावर.

अण्णा परवा साताऱ्याला परतले. जाताना सोफ्यावरून एका झोक्यात उठले, मागं वळून सोफ्याकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. आमच्यात हे कौतुक समजतात.

काल संध्याकाळी काकी आल्या. ओरखड्याचा विषय निघणार म्हणून मी तयारीत होतो. त्या खाली वाकल्या, सोफा हातानं ढकलून बघितला, मग दोन्ही हातांनी ढकलून बघितला. म्हणाल्या, चवथीला कुवेतहून सगळी मंडळी येणार, सासूबाईंच्या वेळच्या आठ कदेलां माळ्यावरून काढायच्यात, त्यांना पण असंच काहीतरी लाव. कदेल म्हणजे खुर्ची, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द.

"काकी, खुर्च्यांना फेल्ट लागेल, रबर नाही," मी म्हटलं.

"तुका कळटा तें लाय," काकी म्हणाल्या. कोकणीतच, पण या वेळी हसून.