किहीमच्या वाडीतलं बांडगूळ आणि फुलटोचा

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागजवळच्या किहीमला पोचेपर्यंत सकाळचे नऊ वाजले. सोबतची मंडळी समुद्राकडे वळली, मी ओळखीच्या वाडीत शिरले. फेब्रुवारी सरत आलेला, कैऱ्या सुपारीएवढ्या झालेल्या. एका जुन्या आंब्यावर चार-पाच ठिकाणी बांडगूळ माजलं होतं. शेंदरी, नळीसारख्या फुलांचे घोस असे की आंब्यालाच ती फुलं आलीत असं वाटावं.

वर कुठेतरी ‘चिक्-चिक्-चिक्’ चाललं होतं. फुलटोचा! जेमतेम ८ सेंटीमीटरचा, मातकट हिरवट जीव. रूप सगळं बांडगुळाच्या वाट्याला आलंय, धावपळ सगळी या पाखराच्या. पण जमिनीशी देणंघेणं दोघांनाही नाही. बांडगूळ अन्न आपल्या हिरव्या पानांत तयार करतं, पाणी आणि क्षार मात्र आंब्याकडून ओढतं. फुलटोचाही झाडावरच वाढतो, पण आंब्याचं काही ओरबाडत नाही. तो राबतो बांडगुळासाठी.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो याच किहीमला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. कोकणातलं बांडगूळ शिंजीर (फुलांतला मध पिणारी इवली पाखरं) आणि फुलटोचे कसं पसरवतात, यावरही त्यांनी १९३१ मध्ये लिहिलं. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

अर्धा तास मान वर करून उभी राहिले. पाखरानं मिटलेली कळी चोचीत दाबली, ती फट्कन उघडली, आणि मध पिताना त्याच्या तोंडाला पराग लागले. मग त्यानं पिकलेलं गुलाबी फळ अख्खं गिळलं. थोड्या वेळानं ते फांदीवर आडवं बसलं आणि शेपटीखालचा भाग सालीला घासू लागलं. बी चिकट, सहजी सुटत नाही, म्हणून ही घासाघीस. पाखरू उडालं तेव्हा बी तिथेच, ओल्या तारेसकट सालीला चिकटलेलं. यापेक्षा नेमकी पेरणी मी पाहिलेली नाही.

वाडी राखणारे काका कोयता घेऊन आले. “ताई, फुलं छान, पण पुढची फांदी वाळवतं ते. नुसतं वरून छाटलं तर परत फुटतं, फांदीच उतरवायला लागते. तीही फळं पिकायच्या आधी.” मला फुलटोच्याचं वाईट वाटत होतं, पण काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्यांनी उतरवलेल्या फांदीवरचं एक फळ मी चिमटीत दाबलं. बी बोटाला असं चिकटलं की झटकूनही जाईना. मी हात शेजारच्या कलमाकडे नेला, तोच काका ओरडले, “झाडाला नको! गडग्याच्या दगडाला पुसा.”