मक्याच्या १६ वाफ्यांत कंपोस्ट आणि गांडूळखताची चाचणी: माझा अनुभव

मक्याला कंपोस्ट जास्त मानवतं की गांडूळखत, एवढाच माझा प्रश्न होता. शेताच्या एका अंगाला एक खत आणि दुसऱ्या अंगाला दुसरं टाकून याचं उत्तर मिळत नाही, कारण शेताचे दोन तुकडे बिनखताचेही सारखे पिकत नाहीत. एकीकडे माती वीतभर जास्त खोल असते, दुसरीकडे पाणी धरून राहतं. म्हणून रीतसर चाचणी लावली: चार ट्रीटमेंट, प्रत्येकीच्या चार पुनरावृत्ती, मिळून १६ वाफे.

चार ट्रीटमेंट अशा: बिनखताचा वाफा, कंपोस्ट, तेवढ्याच नत्राचं (नायट्रोजनचं) गांडूळखत आणि दुप्पट कंपोस्ट. शेवटची पुष्कळांना अनावश्यक वाटते, पण मी ती कधीही गाळणार नाही. दुप्पट खताने पीक वाढलं नाही, तर पिकाला त्या जमिनीत नत्राची तूट नव्हतीच किंवा दुसरंच काही कमी पडत होतं. मग दोन खतांचं उत्पादन सारखं आलं तरी त्यावरून खतं सारखी आहेत असं म्हणता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला मात्रा ठरवण्यात. दोन्ही खतं समान वजनाने टाकणं सोपं, पण त्यात तुलना होते ती पाण्याची. खताच्या ढिगातून पाच ठिकाणचा नमुना घेतला: माथा, पोट, तळ आणि दोन बाजू. तो एकत्र करून १०० ग्रॅम १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवला. कंपोस्ट ६० ग्रॅम उरलं, गांडूळखत ५०. कोरड्या वजनावर नत्र कंपोस्टमध्ये १.४ टक्के आणि गांडूळखतात १.८ टक्के निघालं. म्हणजे ढिगातल्या एक टन ओल्या कंपोस्टमध्ये ८.४ किलो नत्र, तर गांडूळखतात ९ किलो.

हेक्टरी एकूण १२० किलो नत्र धरलं. ही मात्रा मोठी वाटेल, पण कंपोस्टमधलं बहुतेक नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं आणि पहिल्या हंगामात साधारण १० ते २० टक्केच पिकाला मोकळं होतं. म्हणजे १२० मधले १२ ते २४ किलो. आधी ६० किलोचा विचार होता, पण त्यातून पिकाच्या हाती सहा-बारा किलो लागले असते आणि तेवढा फरक जमिनीच्या उन्नीस-बिसात हरवला असता. वाफा ४.५ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब, म्हणजे ३६ चौरस मीटर. त्याला ४३२ ग्रॅम नत्र हवं. कंपोस्ट ५१.४ किलो, गांडूळखत ४८ किलो, दुप्पट कंपोस्टला १०२.८ किलो.

इथेच पहिला घोळ झाला. नमुना घेतल्यावर ढीग तीन दिवस उघडा राहिला आणि वरचा थर सुकला. ओल ४० वरून ३० टक्क्यांवर उतरली असेल, तर त्याच ५१.४ किलोत ५०४ ग्रॅम नत्र जातं, म्हणजे १७ टक्के जास्त. ढीग पुन्हा खालवर केला, ताडपत्रीने झाकला, ओल पुन्हा मोजली आणि त्याच दिवशी खत टाकलं. ओल मोजणं आणि खत टाकणं यांत एका दिवसाहून जास्त अंतर नकोच. खत घमेल्याने भरताना घमेल्याचं वजन वजा करायचं, आणि वाफ्यात निम्मं उभं, निम्मं आडवं पसरायचं. नाहीतर एका कडेला जाड थर बसतो.

समान नत्र म्हणजे समान सगळं, असं मात्र नाही. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) दोन्ही खतांत वेगळे असतातच. त्यांचीही तपासणी करून आकडे वहीत लिहिले, म्हणजे निष्कर्ष ‘समान नत्रावर’ इतकाच मर्यादित ठेवता येतो. कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचं गुणोत्तरही पाहिलं: २५ टक्के कर्ब आणि १.४ टक्के नत्र, म्हणजे १८ला १. हे गुणोत्तर २५च्या बरंच वर असतं, तर खत कुजताना जमिनीतलंच नत्र जिवाणूंनी अडवून धरलं असतं आणि कोवळा मका पिवळा पडला असता.

वाफे आखताना चढ पाहिला. चारही ब्लॉक, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंटचा एकेक वाफा असलेले गट, उताराला आडवे घेतले, म्हणजे एका ब्लॉकमधले चार वाफे एकाच उंचीवर आले. काटकोन ३-४-५ मीटरच्या दोरीने साधला आणि प्रत्येक वाफ्याचे दोन्ही कर्ण मोजून पाहिले. वाफ्यांमध्ये १ मीटर, ब्लॉकमध्ये २ मीटर मोकळी जागा. कुठल्या वाफ्यात काय, हे प्रत्येक ब्लॉकसाठी वेगळ्या चिठ्ठ्या काढून ठरवलं. चिठ्ठ्यांत एकदा कंपोस्ट लागोपाठ दोन ब्लॉकमध्ये डाव्या टोकाला आलं. ते ‘बरं दिसावं’ म्हणून बदलायचा मोह होतो, पण तिथे हात लावला की चिठ्ठ्यांना अर्थ राहत नाही. इंग्लंडमधल्या रोथामस्टेड या शेती संशोधन संस्थेत ब्रॉडबाल्क नावाच्या शेतातली गव्हाची चाचणी १८४३पासून चालू आहे. तिच्या मूळ आखणीत चिठ्ठ्याही नव्हत्या आणि पुनरावृत्तीही नव्हती. ही शिस्त आली ती संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९मध्ये त्याच संस्थेत रुजू झाल्यानंतर.

मातीचे नमुने खत टाकण्याआधी घेतले. प्रत्येक वाफ्यात आठ ठिकाणी, १५ सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा करून त्याच्या भिंतीची दोन बोटं जाड चकती. प्लॅस्टिकची बादली वापरली. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीने जस्ताचा आकडा फुगतो.

सेंद्रिय कर्ब एका हंगामात वाढल्याचे दावे सर्रास ऐकू येतात, म्हणून हा हिशोब मी मुद्दाम मांडतो. हेक्टरला १४.३ टन ओलं कंपोस्ट म्हणजे ८.६ टन कोरडं आणि त्यात सुमारे २.१ टन कर्ब. १५ सेंटिमीटर थराची माती, घनता १.३ धरली तर, हेक्टरी १,९५० टन. सगळा कर्ब जसाच्या तसा टिकला तरी वाढ ०.११ टक्के. प्रत्यक्षात त्यातला बराच श्वसनात उडून जातो. एकाच वाफ्यातले दोन नमुने एवढ्याने सहज वेगळे येतात. म्हणून कर्बावर मी पहिल्या वर्षी काहीच बोललो नाही. पुढचे नमुने त्याच महिन्यात, त्याच खोलीवर आणि त्याच प्रयोगशाळेत जातील. असे संथ बदल दिसायला लांब चाचणी लागते; स्वित्झर्लंडमधल्या थेरविलची सेंद्रिय आणि पारंपरिक पद्धतींची तुलना १९७८पासून चालू आहे. तिचे २१ वर्षांचे आकडे २००२मध्ये आले: सेंद्रिय पद्धतीचं उत्पादन सरासरी २० टक्के कमी, पण वापरलेलं खत आणि ऊर्जाही ३४ ते ५३ टक्के कमी.

पेरणी ७५ बाय २० सेंटिमीटरवर, वाफ्यात सहा ओळी. दोन कडांची एकेक ओळ आणि टोकांचा एकेक मीटर मोजणीतून सोडला, कारण कडेच्या झाडांना उजेड जास्त मिळतो आणि शेजारच्या वाफ्यातलं खतही लागतं. उरला निव्वळ वाफा १८ चौरस मीटरचा, १२० झाडांचा. कुळव फक्त वाफ्याच्या लांबीच्या दिशेने चालवला, आणि वाफ्याबाहेरच्या मोकळ्या जागेत येताच दात झटकले; आडवा कुळव माती शेजारी ओढून नेतो.

खुरपणी एका दिवसात उरकत नाही. ती नेहमी पूर्ण ब्लॉक संपवूनच थांबवायची. मध्ये पाऊस आला, तर फरक ब्लॉकमध्ये जातो आणि हिशोबात वेगळा काढता येतो. अर्ध्या ब्लॉकवर थांबलं, तर तो फरक ट्रीटमेंटला चिकटतो. कंपोस्टच्या वाफ्यांत तण उघडपणे जास्त होतं. ढिगाच्या कडा पुरेशा तापल्या नव्हत्या, तिथलं बी जिवंत राहिलं होतं. ढिगाच्या सगळ्या भागाला ५५ अंशांवर पंधरा दिवस मिळायला हवेत आणि त्यासाठी त्या काळात पाचेक वेळा कडा आत घेत ढीग पालटावा लागतो. तणाचं वजन वाफावार लिहून ठेवलं.

काढणीला दाण्यांची ओल प्रत्येक वाफ्याची वेगळी मोजली, कारण जास्त नत्राचा मका उशिरा सुकतो. निव्वळ वाफ्यात ९.९ किलो दाणे २२ टक्के ओलीचे आले, तर १४ टक्क्यांवर ते ९.९ गुणिले ७८ भागिले ८६, म्हणजे ८.९८ किलो. हेक्टरी ४,९९० किलो. ओल न धरता हाच आकडा ५,५०० होतो.

दोन खतांत ९ टक्के फरक आला, गांडूळखताच्या बाजूने. तो मी सिद्ध झालेला फरक म्हणून लिहिला नाही. वाफ्यांतला अंगभूत चढउतार १२ टक्के असेल, तर चार पुनरावृत्तींत साधारण १९ टक्क्यांखालचा फरक खात्रीने सांगता येत नाही. सहा पुनरावृत्तींत ही मर्यादा १५वर येते, आठांत साडेबारावर. चार ट्रीटमेंटऐवजी तीन आणि ब्लॉक सहा, असं घेतलं असतं तर १८ वाफ्यांत जास्त कळलं असतं. पण दुप्पट मात्रा गाळायला मन होत नाही, म्हणून पुढच्या हंगामात चार ट्रीटमेंट आणि सहा ब्लॉक.

धाटं त्याच वाफ्यात परत घातली, बारीक तुकडे करून. जुन्या चार ब्लॉकच्या कोपऱ्यांवर खुंट्यांखाली हातभर खोल लोखंडी सळईचे तुकडे पुरले आहेत. नांगरटीत खुंट्या उखडल्या तरी वाफे त्याच जागी पुन्हा आखता येतील.