विनू मांकड : बेरीज-वजाबाकीत न मावणारा अष्टपैलू

२२ जून

विनू मांकड यांची पहिली कसोटी १९४६ मध्ये आजच्याच तारखेला लॉर्ड्सवर सुरू झाली होती, म्हणून संध्याकाळी जुने धावफलक काढून बसलो. पाहायचा होता तो सामना बाजूलाच राहिला आणि त्याच मैदानावरच्या १९५२ च्या कसोटीत मी पुरता अडकलो.

तो धावफलक सावकाश वाचावा असा आहे. भारताच्या पहिल्या डावात सलामीला आलेल्या मांकड यांच्या ७२ धावा, संघाच्या २३५. इंग्लंडने उत्तरादाखल ५३७ धावा केल्या आणि त्या डावात मांकड यांनी ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. तो डाव संपला तेव्हा भारत ३०२ धावांनी मागे होता आणि सलामीला पुन्हा मांकडच उतरले. या खेपेला १८४. त्यात कर्णधार विजय हजारे यांच्याबरोबर २११ धावांची भागीदारी. जिम लेकर यांनी त्यांचा त्रिफळा उडवला आणि संघाचा डाव ३७८ पर्यंत गेला. इंग्लंडला किरकोळ धावा हव्या होत्या, तरी तेवढ्यासाठीही मांकड यांनी आणखी २४ षटके टाकली. भारत आठ गड्यांनी हरला. एका माणसाने एका कसोटीत २५६ धावा काढाव्यात आणि ५८२ चेंडू टाकावेत, म्हणजे पाच दिवसांत तो तंबूत बसला तरी केव्हा, असा प्रश्न पडतो. तेव्हा त्यांचे वय ३५ होते.

आणि या सामन्यात ते मुळात असणारच नव्हते, ही गोष्ट आज पुन्हा वाचताना मला अधिक बोचली. दौऱ्याआधी त्यांनी संघातील आपल्या जागेची हमी मागितली होती. क्रिकेट मंडळाने ती दिली नाही आणि मांकड यांनी लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबशी व्यावसायिक खेळाडू म्हणून करार केला. क्रिकेटवर घर चालवणाऱ्या माणसाने याहून वेगळे काय करायचे होते? पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत फ्रेड ट्रूमन यांच्या माऱ्यापुढे दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद ० अशी झाली, आणि मग मात्र मंडळाला हॅस्लिंग्डनचा पत्ता आठवला. हमीची मागणी उद्धटपणाची होती असे कोणाला वाटत असेल, तर त्याने लॉर्ड्सचा धावफलक पुन्हा एकदा वाचावा.

अष्टपैलू खेळाडूचे मोल ठरवताना फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा) वजा करण्याची एक पद्धत रूढ आहे. मांकड यांच्या ४४ कसोटींत २,१०९ धावा आहेत, सरासरी ३१.४७, बळी १६२, सरासरी ३२.३२. उत्तर शून्याच्या खाली येते. कपिल देव यांचे उत्तर याच रीतीने शून्याच्या वर येते, आणि त्यावरून दोघांची प्रतवारी लावून मोकळे होणारे लोक मला भेटलेले आहेत. माझा या वजाबाकीवर विश्वास नाही. लॉर्ड्सवर २३१ धावांत ५ बळी, ही कामगिरी या हिशेबात मांकड यांच्या विरोधात जमा होते. वेगवान गोलंदाजांचा तुटवडा असलेल्या संघात एक बाजू दिवसभर लावून धरल्याबद्दल सरासरी बक्षीस देत नाही; ती उलट दंडच करते. फलंदाजीतही तेच: एक ते अकरा अशा प्रत्येक क्रमांकावर कसोटीत खेळलेले फलंदाज क्रिकेटच्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि मांकड त्यांतले एक.

याउलट दुसरा एक हिशेब मला पटतो. भारताला पहिला कसोटी विजय पंचविसाव्या कसोटीत, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळाला. त्यानंतर त्याच वर्षी पाकिस्तानविरुद्ध दोन आणि १९५५-५६ च्या मोसमात न्यूझीलंडविरुद्ध दोन. या पाचही सामन्यांत मांकड होते आणि नुसते नावापुरते नव्हते. मद्रासला त्यांनी ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४ बळी घेतले. पहिल्या डावात यष्टिरक्षक खोखन सेन यांनी चार फलंदाजांना यष्टिचीत केले, आणि चारही वेळा गोलंदाज मांकडच. डावखुऱ्या मंदगती फिरकीपटूला फलंदाज पुढे खेचून क्रीजबाहेर काढता येतो की नाही, याची यष्टिचीतइतकी स्वच्छ पावती दुसरी नाही. दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध ५२ धावांत ८ बळी. न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत २२३ आणि मद्रासमध्ये २३१. त्या २३१ च्या वेळी पंकज रॉय यांच्याबरोबर झालेली ४१३ धावांची सलामी २००८ पर्यंत कसोटीतला विक्रम म्हणून टिकली.

सिडनीबद्दल फार लिहीत नाही, कारण बाकीचे लोक फक्त त्याबद्दलच लिहितात. डिसेंबर १९४७ मध्ये चेंडू टाकण्यापूर्वीच गोलंदाजाच्या टोकाची क्रीज सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊन यांना मांकड यांनी तिथे धावबाद केले. त्याआधी दौऱ्यातल्या एका सामन्यात ताकीद देऊन झाली होती आणि प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनीही मांकड यांचीच बाजू घेतली. त्याच मालिकेत लिंडवॉल यांच्या वेगापुढे लवकर बाद होत असताना मेलबर्नला त्यांनी ११६ आणि पुढे पुन्हा मेलबर्नलाच १११ धावा केल्या, हे मात्र कोणाच्या ओठांवर नसते.

मला अधिक हळहळ वाटते ती सुरुवातीच्या वर्षांची. जामनगरचा हा मुलगा १९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्ध चमकला, तेव्हा विशीतच होता. परंतु १९३६ नंतर दहा वर्षे भारताला अधिकृत कसोटीच मिळाली नाही आणि युद्धाने उमेदीचा काळ खाऊन टाकला. पदार्पणाला २९ वे वर्ष उजाडले. त्या पहिल्याच इंग्लंड दौऱ्यात हजाराहून अधिक धावा आणि शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या माणसाला १९४० साली काय करता आले असते, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही, तरीही तो बांधल्याशिवाय राहवत नाही.

शेवटही त्यांना नीटनेटका मिळाला नाही. वेस्ट इंडिजविरुद्धच्या १९५८-५९ च्या मालिकेत भारताने पाच कसोटींत चार कर्णधार केले. मद्रासपुरते मांकड, त्यानंतर दिल्लीत हेमू अधिकारी. ४१ वर्षांचे मांकड दिल्लीत साधे खेळाडू म्हणून मैदानात उतरले आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. वेस्ट इंडिजने त्या सामन्यात ८ बाद ६४४ वर डाव घोषित केला. म्हणजे चेंडू टाकण्याचे काम तेव्हाही कमी नव्हते.